पाचशे वॅटचं स्थळ

मी शिवाजीनगरला राहतो म्हटलं की आमच्याकडची मंडळी ते पुण्याचंच धरतात आणि पुढचं ऐकूनच घेत नाहीत. "म्हणजे स्टेशनच्या बाजूला की मॉडर्न कॉलेजच्या?" एवढंच त्यांना विचारायचं असतं. बेंगळुरूचं शिवाजीनगर असं सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग काळजीच्या सुरात विचारतो, "लाईट-बिईट असतात ना रे तिकडे?"

असतात. विजेच्या बाबतीत तरी या शहराने कुणाचं ऐकून घ्यायचं कारण नाही. १९०५ साली इथल्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली ही वीज मात्र त्याआधी, १९०२ मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली होती. शहराचा नंबर तीन वर्षांनी लागला. खाणीला आधी, माणसांना नंतर, ही इथली रीत भाच्याच्या कॉम्प्युटरलाही लागू पडते, म्हणून आताच सांगून ठेवतो.

भाचा इथे इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडे राहतो. त्याचा कॉम्प्युटर ताईच्या लेखी 'प्रोजेक्टसाठी' आहे. त्याला एका बाजूने काच आहे आणि आत सहा पंखे सहा रंगांत फिरतात. प्रोजेक्टला इतके दिवे कशाला लागतात, असं ताईने एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं. भाचा म्हणाला, "कूलिंग." ताईने ते मानलं. कॉलेजच्या फीच्या पावतीवरही असे न कळणारे पुष्कळ शब्द असतात आणि ते सगळे तिने आजवर मानलेले आहेत.

हा कॉम्प्युटर जुळवताना भाच्याने अक्षरशः रात्रीचा दिवस केला. प्रोसेसर रायझन ५ ५६००. रॅम किती मेगाहर्ट्झची, यावर मित्रांत भांडणं. ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००, तेही सेकंडहँड, कारण बजेट. या कार्डाचा इतिहास असा, की २०२१ च्या सुमारास जगभरातली ग्राफिक्स कार्डं इथेरियम नावाचं आभासी चलन 'खणायला' जुंपली गेली. खेळणाऱ्या पोरांना कार्ड मिळेना, मिळालं तर परवडेना. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामच बंद केलं आणि खाणीतून निवृत्त झालेली कार्डं बाजारात आली. म्हणजे इथेही खाणीला आधी, माणसांना नंतर. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. भाच्याच्या कार्डाने त्यांची परंपरा पुढे चालवली, असं म्हणायला हरकत नाही.

एवढी सगळी निवड झाल्यावर उरला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला पुरवणारा डबा. तो निवडला नाही. तो कॅबिनेटबरोबर 'आला'. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने सांगितलं, "पाचशे वॅट आहे, टेन्शन नको." आपल्याकडे कॅबिनेटबरोबर एसएमपीएस असाच येतो. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो काचेतून दिसत नाही. त्याच्यावर एक पत्र्याचं झाकण असतं आणि ते झाकण दिसायला चांगलं असावं, यावर मात्र भाच्याने बराच विचार केला होता.

तर एका रात्री, आतल्या खोलीत कुठल्याशा देशाचं युद्ध निर्णायक वळणावर असताना, 'फट्' असा आवाज झाला आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. सहाही रंग विझले. "मामा," भाचा बाहेर येऊन म्हणाला, "माझं प्रोजेक्ट गेलं."

लगेच घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान सुरू झालं. सांगलीच्या काकांनी फोटोही न बघता मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं. एका मेहुण्याने व्होल्टेज कमी-जास्त झालं असणार म्हणून स्टॅबिलायझर सुचवला. त्याच्या मते माणसाला होणाऱ्या आजारांनाही बहुधा हेच कारण असतं. कुणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकला. खालच्या मजल्यावरच्या तमिळ आजींनी इतकंच विचारलं, की गॅस बंद केलाय ना. त्या रात्रीचा तेवढाच एक समंजस प्रश्न.

शिवाजीनगरात राहण्याचा फायदा इथे सुरू होतो. १९२७ च्या रसेल मार्केटसमोरून भाजी-मासळीची गर्दी चुकवत पुढे गेलं की गुजरीकडच्या गल्ल्या लागतात. गुजरी म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. सकाळी तुमच्या स्कूटरचा आरसा गेला तर संध्याकाळी इथे येऊन तोच विकत घ्यावा, असं शहरात चेष्टेने सांगतात. त्या वाटेवर एका चाचांचा गाळा आहे. मिक्सर, अँप्लिफायर, इन्व्हर्टर, जे जळेल ते ते दुरुस्त करतात. भाषा दख्खनी. तिच्यातलं 'नक्को' आणि वाक्यावाक्याला येणारा 'च' ऐकला की मराठी माणूस उगाचच भाव करायला धजावतो.

चाचांनी आम्ही नेलेला एसएमपीएसचा डबा हातात घेतला, तळहातावर दोनदा झेलला आणि म्हणाले, "हल्का है." मग 'पाचशे वॅट' हे तांबड्या अक्षरांत, शेजारी आग ओकणाऱ्या ड्रॅगनसकट छापलेलं लेबल पाहिलं आणि हसले. त्यांनी पेपरक्लिप सरळ केली, मदरबोर्डला जाणाऱ्या चोवीस पिनांच्या जाड प्लगमधल्या हिरव्या वायरीच्या भोकात एक टोक घातलं, दुसरं शेजारच्या काळ्या वायरीत. एसएमपीएसला जागं करायची खूण हीच. एरवी ती मदरबोर्ड करतो. पंखा किंचित थरथरला आणि थांबला. भाच्याच्या डोळ्यांत आशा आली. चाचा म्हणाले, "पंखा हिल्या तो क्या, हवा खाना है क्या?" आणि मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ यांच्यामध्ये कुठेतरी काटा असायला हवा. इथे तो सातच्या आसपास रेंगाळला आणि तिथून खाली आला.

मग त्यांनी डबा उघडला. उघडण्याआधी बराच वेळ तो प्लगविना पडला होता, तरी आत बोट घालायला आलेल्या भाच्याचा हात त्यांनी फटकन बाजूला केला. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आत जाऊन साधारण ३२५ व्होल्टची एकमार्गी होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून बसते. प्लग काढला म्हणून ती लगेच उठून जात नाही. चाचांनी होल्डरमध्ये लावलेला पिवळा बल्ब घेतला, त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या पायांना टेकवल्या. बल्ब एकदा चमकला आणि विझला. "अब देखो," म्हणाले. उद्घाटन झालं.

आत पाहण्यासारखं फार नव्हतं, आणि तेच पाहण्यासारखं होतं. हिरव्या पाटीवर ठिकठिकाणी भोकं होती. त्यांच्याशेजारी अमुक कॉइल, तमुक कपॅसिटर अशी पांढऱ्या शाईत नावं छापलेली होती, पण माल बसवलेलाच नव्हता. जिथे भिंतीतून येणारा विजेचा कचरा गाळायला कॉइल हवी, तिथे एक साधी तार इकडून तिकडे सोल्डर केली होती. दोन छोटे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, एकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं. त्यांच्यावर ८५ अंश लिहिलेलं. बऱ्या एसएमपीएसमध्ये १०५ अंश सोसणारे लावतात. आणि ज्या पत्र्याच्या पट्टीने ट्रान्झिस्टरची उष्णता शोषून घ्यायची, ती चिवड्याच्या पाकिटाइतकी पातळ. "पाँसौ लिखे सो है," चाचा म्हणाले, "देताच नै."

इथे मला लेबल म्हणजे काय चीज आहे ते कळलं. एसएमपीएसचं लेबल हा लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा असतो. त्यात खोटं असं काहीच नसतं. 'मुलगा पुण्यात सेटल, पॅकेज पाच लाख' हे खरंच असतं. फक्त त्यात इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम, आजीने दिवाळीला दिलेले पैसे आणि कंपनीने दिलेली चहाची कुपनं असं सगळं धरलेलं असतं. हाती काय येतं ते खालच्या बारीक अक्षरांत. या आमच्या स्थळाच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पाच व्होल्टला ३० अँपियर, ३.३ व्होल्टला २८, आणि बारा व्होल्टला १४. आता आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी भूक बारा व्होल्टवरच भागवतात. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. हीच खरी कमाई. उरलेले वॅट बहुतेक पाच आणि ३.३ व्होल्टवरचे, ज्यांना आता फारसं कुणी विचारत नाही. २००० च्या सुमारास पेंटियम फोर आला, प्रोसेसरसाठी बारा व्होल्टचा वेगळा चार पिनांचा प्लग आला, आणि तेव्हापासून सगळा कारभार बारा व्होल्टकडे गेला. स्थळाने मात्र गावाकडची, कूळकायद्यात गेलेली जमीन अजून बायोडेटात ठेवली होती.

आणि मागणी काय? भाच्याचं कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ऐन भरात ७६ वॅट. दोघं मिळून २०८. वर सहा रंगांचे सहा पंखे. १६८ च्या कमाईवर हा संसार इतके महिने चालला, हेच आश्चर्य.

चाचांनी एक जुना, मळका एसएमपीएस पुढे केला. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेल्या डेस्कटॉपमधला, २४० वॅटचा, डेल्टाने बनवलेला. हातात घेतला तर पाचशे वॅटवाल्याच्या दीडपट जड. "ये दोसौ चालीस, उस पाँसौ का बाप है." आणि ते खरं होतं. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस कॉम्प्युटरांत डेल्टा, लाइट-ऑन यांचे एसएमपीएस असतात; लेबलवर जेवढं लिहितात तेवढं देतात, वर्षानुवर्षं देतात. अडचण एवढीच की त्यांतल्या पुष्कळांचे प्लग त्या कंपनीने स्वतःचे वेगळे केलेले असतात. आकारही वेगळा. भाच्याने प्लग इकडून लावून पाहिला, तिकडून लावून पाहिला. चांगल्या घरचं स्थळ, पण आपल्यात बसत नाही.

मग एसपी रोड गाठणं आलं. शिवाजीनगर स्टँडवरून मार्केटची बस धरायची, टाउन हॉलच्या आसपास उतरायचं आणि सदर पत्रप्पा रोडच्या त्या बोळांत शिरायचं, जिथे देशातला यच्चयावत केबल, पंखा, कीबोर्ड आणि बॅटरी एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेले असतात. इथे भाव करायला मला आत्मविश्वास नसतो, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. १६३८ पासून हे शहर शहाजीराजांची जहागीर. पुढे व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकायची बोलणी लावली. सौदा पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि त्याच चिक्कदेवराजाला त्याच तीन लाखांना देऊन टाकलं. गिऱ्हाईक तेच, भाव तोच, फक्त पैसे भलत्याच्या खिशात. ज्या शहरात आपल्या राजांचा सौदा असा झाला, तिथे मी एसएमपीएसचे दोनशे रुपये काय कमी करणार?

पहिल्या दुकानदाराने विचारलं, "बॉस, किती वॅट?" भाच्याने तोंड उघडायच्या आत त्याने तीन डबे मांडले. ४५०, ५००, ६५०. तिघांचं वजन सारखं. मला वाटतं कारखान्यात डबा एकच असतो आणि लेबलांची रिळं तीन. ६५० वाल्याची किंमत हजाराच्या आतच. भाच्याने आता शहाण्यासारखं डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचायला घेतली. दुकानदार दुखावला. "बॉस, लेबल काय बघता? फॅन बघा, एकशे वीसचा फॅन आहे." कार्डाला लागणारा आठ पिनांचा प्लग त्यात नव्हता. त्यावर त्याच्याकडे तोडगा होता: हार्डडिस्कच्या जुन्या प्लगाला जोडायचा एक कन्व्हर्टर, ऐंशी रुपये. म्हणजे दीडशे वॅट न्यायला बनवलेल्या प्लगाचं काम दोन बारीक वायरींवर सोपवायचं आणि वर शुभेच्छा द्यायच्या. आम्ही निघालो.

पुढच्या दुकानात बोलणं धातूंवर आलं. एसएमपीएस भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कॉम्प्युटरला पोचवतो आणि किती नुसता तापून उडवतो, याला दर्जे असतात. २००४ पासून ही 'एटी प्लस'ची पद्धत आहे: साधा, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम. ब्राँझवाला निम्म्या भारावर ८५ टक्के वीज पुढे देतो. हे ताईला फोनवर सांगितलं. "ब्राँझ?" ती म्हणाली. "म्हणजे तिसरा नंबर? गोल्ड किती जास्त आहे?" तिला म्हटलं, गोल्ड दोन-अडीच हजार जास्त आहे. ती म्हणाली, "सोनं कधी वाया जातं का?" याला तांत्रिक उत्तर नाही. शेवटी भाच्याने तिला समजावलं, की गोल्ड म्हणजे वीज वाचवण्याची शिस्त, आतल्या मालाची हमी नव्हे. ब्राँझमध्येही उत्तम असतात आणि गोल्डमध्येही बेताचे. हे वाक्य त्याने परीक्षेत लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते.

मी मनात वेगळाच हिशोब करत होतो. कर्नाटकात १ जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. तुमच्या नेहमीच्या सरासरीवर थोडी मोकळीक धरून तेवढी वीज फुकट. त्याच्या वर गेलात तर फरक भरा. २०० युनिट ओलांडलेत तर सगळंच बिल तुमचं. आता भाचा खेळायला बसला की डबा भिंतीतून तीनेकशे वॅट ओढतो. रोज चार तास धरले तर महिन्याला छत्तीस युनिट. मुख्यमंत्र्यांनी आखून दिलेल्या रेषेपर्यंत आमचं घर फ्रीज, गीझर आणि मिक्सर सांभाळून कसंबसं पोचतं. ती रेषा ओलांडण्याचं काम कुठल्याशा काल्पनिक देशाच्या सीमेवर लढणारा आमचा भाचा करतो. जुना डबा सत्तर टक्क्यांचा होता असं धरलं, तर नवा ब्राँझवाला महिन्याला सहाएक युनिट वाचवेल. तेवढ्यात ती रेषा वाचत असेल तर गोल्डचा विचार करायला बायकोही तयार होती. वाचत नव्हती.

घेतला तो ब्राँझचा ५५० वॅटवाला, नाव असलेल्या कंपनीचा, चार-पाच हजारांच्या घरातला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. बारा व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपियर. बारा गुणिले पंचेचाळीस, ५४० वॅट. बायोडेटातला आकडा आणि पगाराच्या स्लिपमधला आकडा जवळजवळ एकच. भाव केला नाही. व्यंकोजीराजांना स्मरून छापील पावती मागून घेतली.

बसवल्यावर सहाही रंग परत आले आणि आमचा जुना यूपीएस बिथरला. वळवाचा पाऊस आला, कब्बन पार्कच्या बाजूला कुठेतरी गुलमोहर तारांवर आडवा झाला, लाईट गेले, यूपीएसवर भार आला आणि नवा एसएमपीएस झटकन बंद पडला. चाचांनी कारण सांगितलं: स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना नीट लाटेसारखी वीज देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो, जुन्या डब्याला ती चालायची, कारण त्याला काहीच चालायचं. नव्यात ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट आहे, त्याला अशी वीज पसंत पडेलच असं नाही. चांगल्या घरचं स्थळ आणलं की घरातल्या इतर गोष्टी बदलाव्या लागतात, हे मामीने लगेच ओळखलं आणि यूपीएसचा विषय दिवाळीपर्यंत बंद केला. भाचा मात्र दुसऱ्याच हिशोबात होता. "मामा, ५५० पैकी मी तीनशेसुद्धा वापरत नाही. अडीचशे वॅट नुसते पडून आहेत. मोठं कार्ड आरामात बसेल."

जळका डबा घेऊन मी परत गुजरीकडे गेलो. चाचांच्या समोरच एक भंगारवाला बसतो. तांब्याचा ढीग वेगळा, पितळेचा वेगळा, पत्र्याचा वेगळा. त्याने डबा काट्यावर टाकला आणि वीस रुपयांची नोट पुढे केली. मी म्हटलं, "भाई, पाचशे वॅटचा आहे."

त्याने डबा पत्र्याच्या ढिगावर भिरकावला. "वॅटां नक्को साब," तो म्हणाला, "किलो बोलो."